दाखला कुणाचा

धारहून देवासला जायचं तर इंदूरला बस बदलावी लागते. आत्या ऐंशीच्या घरातली, मांडीच्या हाडात सळई घातलेली. गाडी करू म्हटलं तर नको म्हणाली. "बसनंच जाऊ. रस्त्यात तुझं लिहिलेलं वाचून दाखव."

रविवारी देवासच्या उपासनेत मला संदेश द्यायचा होता. मी पाळक नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. पण गेली वीसेक वर्षं मंडळीच्या छोट्या मासिकात दर महिन्याला एक पान लिहितो. रोजच्या जगण्यात काही नजरेला पडतं, त्यातून ख्रिस्ताची एखादी गोष्ट उमगते, ती लिहायची, एवढंच त्या पानाचं काम. अशा टिपणांच्या सहा वह्या घरी आहेत. सातवी पिशवीत होती.

घाटाबिल्लोद मागे पडल्यावर मी वही उघडली आणि पोह्यांचं टिपण वाचलं. माळव्यात पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. वाफ लागते तोवर पोहे मऊ राहतात, परात खाली उतरवली की थोड्या वेळात कोरडे पडतात. माणसाच्या प्रार्थनेचंही तसंच, खालची वाफ तुटली की मन कोरडं, असं मी लिहिलं होतं.

आत्या खिडकीबाहेर बघत ऐकत होती. "तो पोहेवाला सकाळी किती वाजता उठतो?"

"ते कशाला?"

"वीस वर्षं त्याच्याकडे खातोस म्हणून विचारलं. कांदा कोण चिरतं त्याच्याकडे? बायको की मुलगी?"

मला ठाऊक नव्हतं.

"तुझं लिहिणं मला आवडतं, असं मी आजवर म्हणत आले," ती म्हणाली. "खोटं बोलले. त्यात माणसं नसतात रे. वस्तू येते, लगेच धडा येतो, आणि वस्तू पुन्हा कोपऱ्यात जाते. उरकून टाकल्यासारखं."

मला लागलं. पण निवृत्त मास्तर लगेच हार मानत नाही. मी म्हटलं, "आत्या, मग प्रभूनं काय केलं? पिठात कालवलेलं खमीर, घरातला दिवा, मोहरीचा दाणा, जुन्या कपड्याला लावलेलं नवं ठिगळ, एक नाणं हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई. सगळं स्वयंपाकघरातलं नाहीतर शेतातलं. शास्त्र्यांच्या भाषेत बोलला असता तर गालीलातल्या कोळ्यांना काय कळलं असतं? आणि आपल्या मराठीत तर ही रीत त्याच्या भक्तांच्याही आधीची. सावता माळ्याला मळ्यात देव भेटला, गोरोबाला चिखलात, जनाबाईला जात्यावर. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या वाटेनंच आपण येशूपर्यंत पोचलो असं सांगत राहिले. रोजच्यातून देवाकडे जायची वाट बंद केली तर धर्म उरेल तो रविवारच्या तासाभरापुरता."

"सावत्यानं मळा केला," आत्या म्हणाली. "वाफे बांधले, पाणी धरलं, भाजी उपटली. गोरोबाच्या हाताला माती होती. जनाबाईच्या हाताला घट्टे असणार. त्यांनी कामातून मान वर केली तेव्हा त्यांना जे दिसलं ते दिसलं. आणि तू प्रभूचं नाव घेतलंस म्हणून सांगते. तीसेक वर्षांचा होईपर्यंत तो नासरेथात सुतारकाम करत होता. बोलला किती? तीनेक वर्षं. ते ठिगळ त्यानं आईच्या मांडीवर पाहिलं असेल, स्वतःच्या अंगावर घातलंही असेल. तू मळ्याच्या बांधावर उभा राहतोस, बघतोस, आणि लिहायला घरी जातोस."

आत्या धारच्या दवाखान्यांतून पस्तीस वर्षं परिचारिका होती, त्यातली बरीच वर्षं कुष्ठरुग्णांत. धारला या कामाची परंपरा जुनी आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं १८९५ मध्ये इथं ठाणं केलं आणि डॉक्टर मार्गारेट ओहारा इथं आल्या. किंग्स्टनहून १८९१ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्याच वर्षी त्या हिंदुस्थानात आल्या होत्या. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा न दाखवणाऱ्या बायकांसाठी त्यांनी पवारांच्या या राजधानीत दवाखाना चालवला, दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं सांभाळली, कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभा केला. धारमध्ये आजही एखादी म्हातारी दुसऱ्या म्हातारीकडून ऐकलेलं 'डॉक्टर मिससाहेबां'चं काहीतरी सांगते, असं आत्या म्हणायची.

मला वाटलं, इथं मी आत्याला धरू शकेन. "ओहाराबाई सात समुद्रांपलीकडून आल्या त्या कशामुळे? त्यांना रस्त्यावरच्या रोग्यात ख्रिस्त दिसला म्हणूनच ना?"

"त्यांना काय दिसलं ते त्यांच्या मनात. त्यांनी जखम धुतली, तेवढं गावानं पाहिलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुला ते बधिरपणाचं आठवतं?"

आठवत होतं. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं माझं सगळ्यांत गाजलेलं टिपण ते. कुष्ठरोगात कातडी बधिर होते, पायाला खिळा रुतला तरी कळत नाही; पापाचंही तसंच, त्यानं मन बधिर होतं, जखम होते आणि दुखत नाही. मंडळीत वाचलं तेव्हा लोक भेटून हात हातात घेत होते. इतर गावांच्या पाळकांनीही ते मागून नेलं.

"त्या दिवशी शेवटच्या बाकावर कोण होतं माहीत आहे?" आत्यानं विचारलं. "माझा एक जुना पेशंट. बरा होऊन पंचवीस वर्षं झालेला. आधी डॅप्सोनच्या गोळ्या खाल्ल्या, मग १९८० नंतर ती तीन औषधं एकत्र द्यायला लागले, त्यानं तो पुरता बरा झाला. पण गेलेल्या नसा परत येत नाहीत. दोन बोटं वाकडीच राहिली. तू वाचायला लागलास तसा त्यानं तो हात शालीखाली घेतला. प्रभुभोजनाच्या वेळी उठला नाही. नंतर कधी आलाच नाही."

मी काही बोलू शकलो नाही. बेटमा येऊन गेलं.

"त्याला मी शिकवलेलं," ती सांगत राहिली, जणू ड्यूटीवर नव्या पोरीला सांगतेय. "रोज संध्याकाळी दिव्याशी बसायचं आणि तळपाय डोळ्यांनी तपासायचे. हातानं चाचपून उपयोग नाही, हातही बधिर. लाल झालं असेल, फोड असेल, तर चालायचं नाही. पाण्यात पाय भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं. चपलेला खिळा चालत नाही, मऊ रबराचा तळ हवा. गरम कपबशी फडक्यात धरायची. रात्री पायांभोवती पांघरूण खोचून निजायचं, उंदीर कुरतडतो तरी जाग येत नाही. तीस-चाळीस वर्षं हे एक दिवसही न चुकता करतो तो माणूस. बधिरपणाविरुद्ध त्याच्याइतका जागा माणूस तुझ्या मंडळीत दुसरा नव्हता. आणि तू त्याचाच पाय घेतलास पाप दाखवायला."

"मला माहीत नव्हतं तो बसलाय."

"नसता बसला तर चाललं असतं?"

आजही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. शुभवर्तमानात येशू कोड आलेल्या माणसाला हात लावतो तेव्हा त्याचा काही अर्थ सांगत बसत नाही, हे मी शंभर वेळा वाचलं असेन. हात लावला, बरा केला, याजकाकडे पाठवला. अर्थ सांगायची घाई नंतरच्यांना झाली. मलाही झाली.

इंदूर जवळ आलं तसं आत्यानं तिच्या आजीचं काढलं. आमच्या घरात हे क्वचितच निघतं. पणजोबा नगरकडून कामासाठी माळव्यात आलेले मराठी ख्रिस्ती. आत्याची आजी मात्र इथलीच, छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, रस्त्यावर सापडलेली पाच-सहा वर्षांची पोर. एका अनाथाश्रमात वाढली. तिथल्या कुणी बाईनं तिची हकिकत परदेशी पत्रात लिहिली: मूठभर चण्यातले अर्धे शेजारच्या मुलीला देणारी मुलगी. ते पत्र तिकडे वाचून दाखवलं गेलं, देणग्या आल्या, आणि मोठेपणी कुणीतरी आजीला ते सांगितलं.

"आजीला आनंद झाला असेल," मी म्हटलं.

"आजी म्हणायची, ती शेजारची मुलगी माझी बहीण होती. चणे देऊनही ती राहिली नाही. हे त्या पत्रात नव्हतं. पत्रात चणे होते फक्त." आत्यानं पदरानं चेहरा पुसला. "पत्र लिहिणारी वाईट नव्हती रे. आजीला तिनंच जगवलं. पण आजी मरेपर्यंत म्हणायची, माझं नाव लिहायला हवं होतं, तिचंही."

इंदूरला बस बदलताना गर्दी होती. आत्याला खिडकीची जागा मिळवून दिली. चहा घेतला. मी पुन्हा बाजू मांडून पाहिली. हरायचं नाही म्हणून नव्हे. तिचं सगळं मान्य केलं तर माझी वीस वर्षं कुठं ठेवायची, हे मला कळत नव्हतं.

आम्ही जिथं निघालो होतो त्याच देवासचा आधार मी घेतला. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस होता. तिथं पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यानं १९२४ च्या आपल्या हिंदुस्थानवरच्या कादंबरीत घातला. त्याच कादंबरीत दोन मिशनरी आहेत. देवाच्या घरात माकडांना जागा आहे का, यावर त्यांचं बोलणं चालतं. धाकटा म्हणतो, का नसावी? पण गांधीलमाशीपाशी तो अडखळतो, आणि पुढं चिखल, स्फटिक आले की माघार घेतो. सगळ्यांनाच आत घेतलं तर आपल्यासाठी काही उरणार नाही अशी त्याला धास्ती. शेवटच्या भागात, त्या अष्टमीच्या नाचात, एका ब्राह्मणाला कधीतरी भेटलेली ख्रिस्ती म्हातारी आठवते, मग दगडावर बसलेली गांधीलमाशी आठवते. माशीला तो प्रेमानं मनात घेतो. दगडापाशी मात्र तोही थांबतो. मी वर्षानुवर्षं हे पोरांना शिकवलं.

"म्हणजे बघ," मी आत्याला म्हटलं, "मी तेच करतोय. पोहे, डबा, नळ, छत्री, एकेक वस्तू आत घेत चाललोय. बाहेर काही राहू नये म्हणून."

आत्यानं हे मनापासून ऐकलं. "हे छान आहे," ती म्हणाली. "तो नाचणारा माशीला आत घेतो ना? ती कशाचं चिन्ह आहे, हे सांगतो का?"

"नाही. फक्त आठवतो."

"मग तेवढंच कर की. आमच्या देवासचे कुमार गंधर्व बघ." आत्याचं माहेर धारचं, सासर देवासचं, म्हणून दोन्ही गावं तिला 'आमची'. "१९४८ मध्ये क्षयानं खंगलेला तो तरुण इथल्या कोरड्या हवेसाठी आला. गायला बंदी. वर्षानुवर्षं अंथरुणावर. खिडकीखालून बाया गात जायच्या, माळवी गाणी. जोगी यायचे निर्गुणी भजनं म्हणत. तो ऐकत राहिला. गळा चालत नव्हता तेव्हा कान चालवला. बरा झाल्यावर त्याच्या गाण्यात ते सगळं आलं. त्या बायांना दाखवून 'यातून काय शिकायचं' असं त्यानं कधी म्हटलं नसेल. त्यांचं गाणं तो गायला. आणि टिळकांच्या लक्ष्मीबाई घे. माझ्या उशाशी 'स्मृतिचित्रे' असतंच. १९३४ पासून भागाभागानं आलं ते. स्वयंपाक, सोवळं, प्रवास, पोरांची आजारपणं, टिळकांचा लहरी स्वभाव. किती पानांवर त्या थांबून धडा सांगतात? तरी मी वाचून उठते तेव्हा थोडी बरी बाई होऊन उठते."

मी वही मिटली. पण रविवारच्या संदेशाचे कागद वेगळे होते, आणि त्यावर माझा भरवसा होता. ते पोहे-छत्री नव्हते. ती देवास जिल्ह्यातच घडलेली गोष्ट होती.

राणी मारिया. केरळात १९५४ मध्ये जन्मलेली, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची जोगीण. १९९२ मध्ये ती देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. भूमिहीन आदिवासी मजूर सावकाराच्या वहीत पिढ्यानपिढ्या अडकलेले. तिनं त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली, बायकांचे गट उभे केले, आपल्या हक्काचं मागायला शिकवलं. ज्यांची कमाई त्या वहीवर चालायची त्यांना ती खुपू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती सकाळच्या बसनं उदयनगरहून इंदूरला निघाली. नाचनबोरच्या टेकडीजवळ बसमध्येच तिच्यावर चाकूचे वार झाले. तिला ओढून बाहेर काढलं आणि पुन्हा वार केले. मारणारा एक तरुण, दुसऱ्यांनी पढवलेला. त्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियाची धाकटी बहीण, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्याच्या मनगटावर तिनं राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला, पुढं केरळात जाऊन तिच्या आई-वडिलांसमोर उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियाला 'धन्य' घोषित केलं गेलं.

मी आत्याला शेवटचा भाग वाचून दाखवला: काही रुपयांचा धागा, पण त्यात कालवारीची सगळी क्षमा गुंफलेली.

बस क्षिप्रेच्या आधीच्या वळणावर होती. आत्या मागे वळून बसभर नजर फिरवत होती. कुणी मोबाइलवर, कुणी डुलक्या देत, मागे एक पोर रडत होतं.

"त्या बसमध्येही अशीच माणसं असतील," ती म्हणाली. "कुणी उठलं नाही. त्यांच्यावर तू काही लिहिलं आहेस?"

"नाही."

"का?"

"संदेश क्षमेवर आहे."

"क्षमा त्या बहिणीची आहे. आपण तिच्या जागी नाही, आपण या बाकावर आहोत. आणि तिलासुद्धा सात वर्षं लागली. ९५ ते २००२. त्या सात वर्षांबद्दल तुझ्या कागदावर एक ओळ नाही. त्या वर्षांत ती किती रात्री उठून बसली असेल? राखीपर्यंत तू एका वाक्यात पोचलास." ती क्षणभर थांबली. "दावीद राजाकडे नाथान गेला ती गोष्ट तू किती सुरेख सांगतोस. श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी मारली, राजा संतापला, आणि नाथानानं बोट राजाकडेच वळवलं. दाखला असा असतो, असं तूच सांगतोस. ऐकणाऱ्याच्या अंगावर येतो. तुझे दाखले तुझ्या अंगावर कधी आले?"

मला कळलं ती कुठं चालली आहे. नऊ वर्षं आम्ही दोघं तो विषय टाळत होतो.

माझा धाकटा भाऊ देवासला असतो. १९८९ मध्ये एका कारखान्यात लागला. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो अकरा दिवस आला नाही. मी फोन करत होतो, तो 'निघतो' म्हणायचा. आला तो मातीच्या दिवशी. त्यानंतरच्या महिन्यात माझं पान छापून आलं: आईच्या खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीवर. नाव नव्हतं. त्या खुर्चीत कोण बसायला हवं होतं हे मंडळीत कुणाला सांगायची गरज नव्हती. शेवटी मी लिहिलं होतं की देवही आपल्या प्रत्येकाची अशीच वाट बघतो. लोकांना ते फार भिडलं. भावाचा त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही.

"त्याची नोकरी गेली होती," आत्या म्हणाली. "त्याच महिन्यात. घरात कुणाला बोलला नव्हता. रिकाम्या हातानं आईसमोर कसा जाऊ, या लाजेत त्यानं अकरा दिवस घालवले. चूकच केली त्यानं. ती चूक तो रोज संध्याकाळी दिव्याशी धरून बघत असेल. आणि तू त्याचा दाखला केलास."

"तुला कधी कळलं?"

"मातीच्या दिवशीच. त्यानं शपथ घातली होती. तू चौकशी करशील, मग सांगेन, म्हणून थांबले. तू लिहून मोकळा झालास."

यावर माझं काय झालं ते मी इथं सविस्तर लिहीत नाही. बस चालू होती, रडणारं पोर झोपलं होतं.

बऱ्याच वेळानं आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मला एकच धडा असा मिळाला, की जो मी शोधला नव्हता," ती म्हणाली. "कुणाला सांगितलेला नाही. पस्तीस वर्षं मी लोकांचे पाय धुतले. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो भाग वाचला जायचा, तेव्हा मला त्यात आपलंच काम दिसायचं. थोडा अभिमानही. मग मांडी मोडली. तीन महिने खाटेवर. एका जुन्या पेशंटची मुलगी यायची माझं करायला. तिनं पहिल्या दिवशी तसराळ्यात पाणी घेतलं, माझा पाय हातात घेतला, आणि मी तो ओढून घेतला. जोरात. हाड दुखलं तरी. तेव्हा मला पेत्र का 'नको' म्हणाला ते कळलं. धुणं सोपं होतं रे. धुवून घेणं मला येत नव्हतं. त्या पोरीनं वाट पाहिली. मग म्हणाली, दीदी, तुम्ही बाबांचे धुतलेत तेव्हा बाबा काय म्हणायचे? मी कधी विचारलंच नव्हतं."

क्षिप्रेचा पूल आला. उन्हाळ्याचे दिवस, पात्रात पाणी बेताचंच. देवास हे तहानेचं गाव आहे. जुनी तळी बुजली, कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून पाण्याच्या टाक्या भरलेली आगगाडी या गावासाठी आणावी लागली. भाऊ तेव्हा नवा होता इथं. कामावरून सुटून रात्री हंडे घेऊन रांगेत उभं राहिल्याचं त्यानं मला पत्रात लिहिलं होतं. त्यावरही मी नंतर टिपण केलं होतं, अगदी पहिल्या वहीत: शोमरोनी स्त्री, याकोबाची विहीर आणि जिवंत पाणी. पुढं २००६ पासून याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या रानातली जमीन देऊन शेततळी खणली, पाखरं परत आली, हे मला ठाऊक होतं आणि तेही एका टिपणात होतं. भावाच्या घरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे ठाऊक नव्हतं.

"त्या विहिरीजवळच्या गोष्टीत," मी आत्याला म्हटलं, आणि माझा आवाज मलाच निराळा लागला, "जिवंत पाण्याचं बोलणं नंतर येतं. आधी तो चालून दमलेला असतो. दुपार असते. काढायला भांडं नसतं. तो तिच्याकडे पाणी मागतो. जिच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नव्हतं, तिच्याकडे."

"हो," आत्या म्हणाली. "मागतो."

देवासला उतरलो तेव्हा टेकडीवरच्या चामुंडेच्या पायऱ्यांवर ऊन होतं. मुक्काम आत्याच्या पुतण्याकडे ठरला होता. रिक्षावाल्याला आत्यानं पत्ता सांगितला तो वेगळा. मी ओळखला, आणि गप्प राहिलो.

वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. चांगली जुळत होती, आणि त्याचीच मला भीती वाटली. दार भावानंच उघडलं. केस पांढरे झालेले, बाबांसारखा दिसायला लागलेला. त्यानं आत्याला पाहिलं, मग मला. आत्यानं त्याच्या दंडाचा आधार घेऊन उंबरा ओलांडला आणि आत जाऊन खाटेवर बसली.

मी बाहेरच होतो.

"पाणी देतोस?" मी म्हटलं.

तो काही क्षण उभा राहिला. मग आत गेला. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. पेला आणून त्यानं माझ्यासमोर धरला. "नळ परवा येईल," तो म्हणाला, "माठातलं आहे."

मी उंबऱ्याबाहेर उभ्यानंच प्यायलो, आणि पेला पुन्हा पुढं केला.